आमच्या बिल्डिंगच्या स्टाफला शिकवताना

मी बेळगावात टिळकवाडी भागातल्या एका अपार्टमेंटचा मॅनेजर आहे, दोन बिल्डिंगा, ६४ फ्लॅट, चार वॉचमन, तीन सफाईच्या मावश्या, एक माळी आणि एक इलेक्ट्रिशियन कम प्लंबर, एवढा आमचा स्टाफ. त्याआधी १७ वर्षं उद्यमबागला फाउंड्रीत होतो, शेवटी मोल्डिंग सेक्शनला सुपरवायझर. गेल्या दीड वर्षात आम्ही स्टाफला पद्धतशीर ट्रेनिंग दिलं ते कसं केलं ते लिहितोय, कारण अजून तीन-चार सोसायट्यांचे लोक विचारून गेले आणि प्रत्येकाला तेच परत सांगायला लागतंय.

सुरुवात लिफ्टपासून झाली. जुलैमधली रात्र, दिवसभर पाऊस आणि साडेनऊच्या सुमाराला करंट गेला. आमच्याकडं पावसाळ्यात हे रोजचंच. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली, आत तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आणि त्यांचा सहा वर्षांचा नातू. आमचा वॉचमन खानापूरकडचा, चार वर्षं आमच्याकडं, माणूस एकदम सरळ. आजी आतून रडताहेत म्हटल्यावर त्यानं स्क्रूड्रायव्हर घालून दुसऱ्या मजल्याचं दार उघडलं. लिफ्टचा तळ त्याच्या छातीएवढ्या उंचीवर होता. आधी नातवाला खाली घेतलं आणि मग आजींना म्हणाला, बसा आणि पाय सोडा, मी धरतो. आजींनी पाय सोडले, त्यानं कमरेला धरलं, पण वजन मागं गेलं आणि आजींची एक चप्पल लिफ्टच्या खालच्या मोकळ्या जागेतून थेट खाली खड्ड्यात. दुसऱ्या मजल्यावरचे काका मागून धावत आले आणि दोघांना आत ओढलं. मी पोचलो तेव्हा आजी पायरीवर बसलेल्या, एका पायात चप्पल आणि एक पाय उघडा, आणि वॉचमन भिंतीला टेकून थरथरत होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लिफ्टच्या अपघातात माणूस वायर तुटून क्वचितच जातो, जातो तो असा मोकळ्या जागेत पडून. लिफ्टचा तळ मजल्याच्या वर राहिला की तळ आणि मजला यांच्यामध्ये खाली उघडं भुयार असतं, उतरणारा माणूस पुढं उडी मारतो आणि तोल मागं जाऊन त्या भुयारात पडतो. आत थांबलेला माणूस सुरक्षित असतो.

दुसऱ्या दिवशी कमिटीची मीटिंग, सगळ्यांचं एकच, वॉचमनला काढा. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं की असं का केलास. तो म्हणाला, "साहेब, आजी रडूलालत्या म्हणून मी दार उघडलो. असं करायचं नसतंय म्हणून मला कुणी सांगितलंच नाही की." मी जुनी रजिस्टरं काढून बसलो. चार वर्षांत त्याच्या नावावर लेट आल्याच्या नोंदी होत्या, युनिफॉर्मच्या होत्या, एक पगारकपात होती, खरं त्याला लिफ्टबद्दल, मोटरबद्दल, आगीबद्दल कुणी काही शिकवलं अशी एक ओळ नव्हती. आणि लिफ्टमध्ये करंट गेल्यावर जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारं बॅटरीचं यंत्र असतं, ते आमच्याकडंही होतं, त्याच्या बॅटऱ्या मेलेल्या निघाल्या. त्या तपासणं हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं, माझ्यासुद्धा. मी मीटिंगमध्ये सरळ सांगितलं की काढायचंच असेल तर आधी मला काढा. मग कुणी बोललं नाही.

फाउंड्रीत आम्हाला एका कन्सल्टंटनं एक पद्धत शिकवलेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, अमेरिकेत हा कार्यक्रम निघाला, पुढं कारखान्यातले कामगार सैन्यात गेले आणि नवख्या माणसांना, बायकांना पटापट काम शिकवायची वेळ आली तेव्हा तो कामाला आला, युद्धानंतर तो जपानला गेला आणि तिथं फारच रुजला. त्यात काम शिकवायच्या चार पायऱ्या. माणसाला तयार करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग सोडून द्या पण बघत राहा. आणि त्या लोकांचं एक ठाम म्हणणं, की शिकणारा शिकला नसेल तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलंच नाही. फाउंड्रीत मी याच पद्धतीनं पोरांना लॅडल, म्हणजे वितळलेलं लोखंड ओतायचं भांडं, धरायला शिकवलंय, वितळलेल्या लोखंडाजवळ चुकीला जागा नसते. आणि बिल्डिंगमध्ये आल्यावर तेच मी वापरलं नाही, हे मला त्या रात्री फार लागलं.

पहिले दहा दिवस मी फक्त त्यांच्या मागं फिरलो. वॉचमन दिवसभर करतो काय हे लिहून काढलं तर ३८ कामं निघाली. गेट आणि नावं लिहिणं ही तर दिसणारी झाली. सोबत मोटर चालू-बंद, टाक्यांची लेव्हल, जनरेटर, मीटर रूमची चावी, पोरं खेळताना पार्किंगमधून गाडी काढणं, कुरिअर, गॅसवाला, आणि कुणी वारलं तर गाडी कुठून बोलवायची, खुर्च्या कुठं मांडायच्या, लिफ्ट थोडा वेळ मोकळी ठेवायची, हे सगळं तोच बघतो. शिवाय ११ कामं अशी निघाली जी त्याची नव्हतीच, कुणाचं दूध आणणं, कुणाची गाडी पुसणं, कुणाच्या पोराला क्लासला सोडणं. त्या वेळी गेटवर कोण असतंय? कुणी नाही.

मग प्रत्येक कामाचा एक कागद केला. मधे पायऱ्या, शेजारी त्या पायरीत चुकू नये अशी गोष्ट, आणि तिच्या शेजारी का. हे 'का' फार महत्त्वाचं आहे हो. आपण नुसतं 'बटण दोनदा दाबू नकोस' म्हणतो, का ते सांगत नाही, आणि मग तो दाबतो.

मोटरचंच घ्या. आमची पाच एचपीची थ्री फेज, म्हणजे करंटच्या तीन लायनींवर चालणारी मोटर एका वर्षात दोनदा जळालेली. आम्ही समजत होतो माल खराब. मागं फिरताना दिसलं की एक फेज गेला की पॅनलमधला प्रिव्हेंटर, म्हणजे मोटर वाचवायला ती बंद करणारं यंत्र, ट्रिप होतोय आणि वॉचमन हिरवं बटण परत दाबतोय, परत ट्रिप, परत दाबतोय, कारण वर पाणी नाही म्हणून फ्लॅटमधून फोनवर फोन येताहेत. त्याच्या डोक्यात बटण म्हणजे ढकलगाडी, चार वेळा ढकललं की चालू होईल. कागदावर आलं असं: आधी संपचं (जमिनीखालच्या टाकीचं) झाकण उघडून पाणी बघ, कारण कोरडी मोटर फिरली की सील जळतं. मग पॅनलवर तिन्ही फेजचे दिवे बघ, कारण दोन फेजवर मोटर गुरगुरते आणि तापते. मग एकदाच बटण. ट्रिप झाली तर हात लावायचा नाही, मला फोन. एवढंच. खरं हे एवढंच कुणी चार वर्षांत सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मोटर जळालेली नाही.

हे शिकवताना तीनदा करून दाखवायचं. पहिल्यांदा नुसत्या पायऱ्या, दुसऱ्यांदा चुकायच्या जागा सांगत, तिसऱ्यांदा कारणं सांगत. मग त्याला करायला लावायचं आणि आपण खिशात हात घालून उभं राहायचं. चौथ्यांदा त्यानं करताना तोंडानं सांगायचं, मला शिकवतोय असं. तिथंच कळतं. हात बरोबर चालतात आणि तोंडातून कारण येत नाही, म्हणजे नुसती नक्कल झालीय, परत पहिल्यापासून.

वॉचमनला मोटर दाखवत होतो तेव्हा आमच्या सगळ्यात जुन्या मावशी झाडू घेऊन मागं उभ्या होत्या. म्हणाल्या, "मला बी दाखवा की. सकाळी सहाला मी असतोय, ह्यो गेटवर असतंय, पाणी गेलं की मलाच वरडत्यात." मी जरा थांबलो, आणि मग वाटलं का नाही? त्यांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून कागदावर चित्रं काढली, तीन दिवे, संपचं झाकण, एक बोट. मावशी दोन दिवसांत शिकल्या आणि तिसऱ्या दिवशी मलाच म्हणाल्या, साहेब तुम्ही झाकण न बघता बटण दाबलात. बरोबर होतं त्यांचं.

मावश्यांच्या कामात जे सापडलं त्यानं मी हादरलो. त्या कॉमन टॉयलेट धुताना बादलीत ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र करत होत्या, पांढरं स्वच्छ होतं म्हणून. हे दोन्ही एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, बंद खोलीत तो छातीला धरतो. मावशी म्हणाल्या, "खोकला येतंय, डोळ्यातनं पाणी येतंय, खरं ते कामाचंच असतंय म्हणून सोडलो." सात वर्षं. सात वर्षं त्या पदराचं टोक तोंडाला धरून तो वायू ओढत होत्या आणि आम्ही टॉयलेट चकाचक आहे म्हणून खूश होतो. त्या दिवसापासून दोन्ही बाटल्या एका कपाटात ठेवत नाही, ॲसिडवर लाल पट्टी, ब्लीचिंगवर निळी, आणि लाल-निळं एका दिवशी एका खोलीत नाही. हा नियम मावशींनी स्वतः घातला, मी नाही.

सिक्युरिटी एजन्सीचंही सांगतो. आमचे दोन वॉचमन सोसायटीचे आणि दोन एजन्सीचे. एजन्सीनं 'ट्रेनिंग झालंय' असा कागद दिलेला. खाजगी सिक्युरिटीचा २००५ चा कायदा आहे, त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत गार्डला १०० तास वर्गात आणि ६० तास फील्डवर असं ट्रेनिंग सांगितलंय, निदान २० कामाच्या दिवसांत, माजी सैनिकांना बरंच कमी. मी गार्डला विचारलं काय काय शिकवलं, तर तो म्हणाला "ड्रेस दिले आणि उभा केले." ती एजन्सी आम्ही बदलली. ज्यांच्या सोसायटीत एजन्सीचे गार्ड आहेत त्यांनी कागद न बघता गार्डलाच विचारावं, दोन मिनिटांत कळतं.

आगीसाठी माझ्या ओळखीचे एक रिटायर्ड हवालदार आले, मराठा लाइट इन्फंट्रीतले. बेळगावात हे एक बरं, त्यांच्या रेजिमेंटचं सेंटर इथंच असल्यामुळं गल्लीत एक तरी फौजी मामा असतातच, आणि शिस्तीनं कसं शिकवायचं हे त्यांना कुणी सांगायला लागत नाही. त्यांनी मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडं डिझेल पेटवलं आणि म्हणाले, पिन काढ, आगीच्या बुडावर धर, दांडा दाब, इकडून तिकडं फिरव. पहिला गेलेला गार्ड ज्वाळेवर वर वर मारत बसला आणि आग विझवायचा सहा किलोचा सिलिंडर संपला, आग तशीच. सगळे चकित, कारण त्यांना वाटत होतं की तो दहा-पंधरा मिनिटं चालतो. तो वीसेक सेकंदांत संपतो. वीस सेकंद! हे भिंतीवरच्या सिलिंडरकडं बघून कुणाला कळणार? सिलिंडर परत भरायला पैसे पडतात म्हणून कमिटी कुरकुरत होती, मी म्हटलं मुदत संपत आलेलेच वापरूया, ते तसेही भरायचेच होते. मीटर रूमला कार्बन डायऑक्साइडचा, आणि त्याचा भोंगा उघड्या हातानं धरायचा नाही, बर्फासारखा गार होऊन कातडी चिकटते. स्वयंपाकाच्या सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर दिव्याचं बटण चालूही नाही आणि बंदही नाही, ठिणगी दोन्हीत पडते, आणि हा गॅस हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत साठतो, तेव्हा दारं-खिडक्या उघडून माणसं बाहेर.

भाषेचा विषय आमच्याकडं सगळ्यात आधी येतो. आमचे दोघं खानापूरकडचे मराठी, एक बैलहोंगलचा, एक सौंदत्तीकडचा, हे कन्नड. माझं ट्रेनिंग मराठीत, मग दोघं नुसती मान हलवत होते आणि मला वाटत होतं कळतंय. करताना तोंडानं सांगायला लावल्यावर उघडं पडलं. मग जोड्या केल्या, एक मराठी एक कन्नड, आणि एकमेकांना शिकवायला लावलं. ११२ ला फोन केला तर समोरचा कन्नडात बोलणार, घाबरलेला माणूस तिथं अडखळतो, म्हणून खानापूरच्या दोघांकडून चार वाक्यं पाठ करून घेतली, बेंकी हत्तेत्री म्हणजे आग लागलीय, कुठं लागलीय, कुठल्या मजल्यावर, आणि गोवावेस सर्कलवरून आमच्या गेटपर्यंतचा रस्ता. आणि बैलहोंगलच्या गड्यानं मराठी आजी-आजोबांसाठी वाक्य पाठ केलं, "घाबरू नका, लिफ्ट पडत नाही, हवा येतीय, दाराला हात लावू नका." तो ते इतक्या मायेनं म्हणतो की मला दर वेळी बरं वाटतं.

माझ्याकडून चुका झाल्या त्या पण लिहितो. पहिले दोन वर्ग मी सकाळी आठला ठेवले, नाइट ड्युटी संपल्यावर, आणि वरून त्याचे पैसे नाहीत. माणसं बसल्या जागी झोपली. बारा तास जागलेल्या माणसाला शिकवणं हा अन्याय आहे, मला ते कळायला दोन वर्ग लागले. मग ड्युटीच्या आतच, एका वेळी अर्धा तास, एकच काम, आणि गेटवर तेवढा वेळ कमिटीतला कुणीतरी बसणार असं ठरलं. सेक्रेटरी काका अर्धा तास गेटवर बसले आणि दुसऱ्याच मीटिंगमध्ये त्यांनी गेटला पंखा आणि बरी खुर्ची मंजूर केली. दुसरी चूक, मी दुसरी फेरी जुलैत ठेवली. खानापूरचे दोघंही भाताच्या लावणीला गावी. सात-आठ दिवस त्यांना शेत सोडून येता येत नाही आणि येऊ पण नये, घरचं वर्षाचं भात असतंय. म्हणून आता सगळं मेमध्ये, मृगाच्या आधी. पावसाळ्यातच सगळं बिघडतं, २०१९ च्या पावसात तर आमच्या तळघरात गुडघ्याच्या वर पाणी होतं, तेव्हा शिकायचं ते आभाळ भरून यायच्या आत.

सगळ्यात अवघड गेलं ते रहिवाशांचं. गार्डला शिकवलं की अनोळखी गाडी थांबवून नाव विचारायचं, त्यानं एका काकांच्या पाहुण्यांना विचारलं आणि ते काका खाली येऊन त्याला वाटेल ते बोलले, दहा लोकांसमोर. त्यानं बरोबर केलं होतं. अशा वेळी मॅनेजर गप्प बसला तर महिनाभराचं ट्रेनिंग एका मिनिटात वाया जातं. मी त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला, कागद दाखवला आणि सांगितलं की त्याला हे काम आपणच दिलंय, काका. ते दुसऱ्या दिवशी गेटवर जाऊन त्याच्याशी दोन शब्द नीट बोलले, मला तेवढं पुरे होतं. आणि ती ११ कामं, दूध, गाडी, क्लास, कमिटीनं ठराव करून बंद केली. काही घरं अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

एक काम असं होतं की त्याचा कागद मी केलाच नाही. ड्रेनेजच्या टाकीत उतरणं. आधी चेंबर तुंबला की प्लंबर किंवा माळी उतरायचा. आत हायड्रोजन सल्फाइड असतो, थोडा असेल तर कुजका वास येतो आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो, माणसाला वाटतं गेला, आणि तिथंच पडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस असा उतरवणं गुन्हा आहे. सगळ्यांना उभं करून सांगितलं, कुणीही म्हणू दे, कमिटी म्हणू दे, मी म्हणू दे, उतरायचं नाही, मशिनची गाडी येते. झाकणाला कुलूप घातलं.

नंतर बघत राहायचं ही चौथी पायरी, तीच लोक सोडतात. मी पहिल्या महिन्यात आठवड्याला एकदा न सांगता रात्री यायचो आणि विचारायचो, समज आता लिफ्ट अडकली, कर. रिकामी लिफ्ट घेऊन मेन बंद करायचा आणि बॅटरीवर ती मजल्यावर येऊन उघडते का बघायचं, हे दर महिन्याच्या पाच तारखेला, रजिस्टरला सही. आता महिन्यातून एकदा येतो.

या जूनमध्ये परत अडकली. बॅटरी होती, खरं सेन्सरमध्ये पाणी गेलेलं. तोच खानापूरचा वॉचमन ड्युटीवर. मला फोन आला तेव्हा तो आधीच मेन बंद करून, लिफ्टवाल्यांना कळवून, पायरीवर बसून दाराच्या फटीतून आतल्या काकूंशी बोलत होता. मी गेलो तर मला हातानंच गप्प राहा म्हणाला. पस्तीस मिनिटं तो तिथं बसला, काकूंच्या मुलीच्या लग्नाचं विचारत, टेक्निशियन येऊन लिफ्ट मजल्याला लावेपर्यंत दाराला हात लावला नाही.

पुढच्या सोमवारी गोकाककडचा एक नवा पोरगा येतोय. तीन दिवस त्याला गेटवर एकटा उभा करायचा नाही, सगळ्यांबरोबर फिरवायचा, असं ठरलंय. लिफ्ट खानापूरचा शिकवणार, फोनची वाक्यं बैलहोंगलचा बघणार, सिलिंडरला हवालदार मामा येतो म्हणालेत. मोटर मावशी शिकवणार आहेत, त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय की सकाळी सहाला पाठवा, उशिरा आला तर मी दाखवणार नाही.